त्या नावाचं इथं कोणी राहत नाही

तुला जाऊन अजून महिना झाला नाही, आणि मी तुझ्याशी भांडायला बसलोय. भेटायला येणारे म्हणतात, सर, मन मोकळं करा, आतल्या आत ठेवू नका. कुणाजवळ करू? चौदा वर्षं जिच्यावर सगळा राग काढला ती भिंतीवर फोटोत जाऊन बसली. फोटोखाली माझ्या भावानं पेंटरकडून नाव लिहून आणलंय, कै. सौ. मृणालिनी श्रीपाद कुलकर्णी. पेंटरचं अक्षर चांगलं आहे. मी मात्र त्या नावाकडं बघितलं की मान खाली घालतो.

भांडण एकाच गोष्टीचं आहे. तुला सगळं माहीत होतं, तर तू बोलली का नाहीस? अकरा वर्षं गुमान बसलीस. काय माहीत होतं ते आता मी ओळीनं सांगणार आहे. तुला ते ठाऊकच आहे, पण मी ते तोंडानं कधी बोललो नाही, म्हणून एकदा बोलू दे. मध्ये बोलू नकोस म्हणणार होतो. पण मध्ये बोलायची खोड माझी. तू कुणाचं बोलणं कधी तोडलं नाहीस.

लग्नात ताटात तांदूळ पसरून समोर ठेवले आणि गुरुजींनी माझ्या हातात अंगठी दिली. आपल्याकडं नवऱ्यानं अंगठीनं त्या तांदळात बायकोचं नवं नाव लिहायचं, आणि ते सगळ्यांनी वाचून तोंड गोड करायचं. मी नाव आधीच ठरवून ठेवलं होतं. तुझं माहेरचं द्वारका हे नाव मला म्हाताऱ्या आत्याचं वाटायचं. मी 'मृणालिनी' लिहिलं. ताट लहान पडलं, शेवटचं अक्षर काठावर चढलं. तू वाकून वाचलंस आणि हळूच म्हणालीस, "छान आहे हो. लिहायला लांब आहे जरा." बायका हसल्या. तुझे वडील, नागनाथराव पेडगावकर, तेवढे हसले नाहीत. त्यांच्या पिशवीत तेव्हा तुझा पहिला छापून आलेला पेपर, म्हणजे शोधनिबंध, होता, मांडवात भेटेल त्याला ते तो दाखवत फिरत होते. पेपरावर नाव होतं पेडगावकर डी. एन. मला वाटलं, म्हाताऱ्याला बिचाऱ्याला लेकीचं कौतुक. त्या ताटातल्या तांदळानं त्या पेपराचं काय होणार आहे हे मला कळलं नाही. तुला कळलं होतं का? विचारायचं राहिलं.

तू काय काम करत होतीस हे मला नीट समजायला सहा महिने लागले. परभणीत जनावरांच्या कॉलेजात तुझी प्रयोगशाळा. पालमकडच्या, जिंतूरकडच्या गावांत ज्यांच्या घरी गाय किंवा म्हैस गाभ टाकायची, त्या घरांत तू जायचीस. बरोबर प्रयोगशाळेतला किशन, त्याच्या खांद्याला बर्फाचा थर्मास. जनावराचं रक्त घ्यायचं आणि घरातल्या माणसांचंही घ्यायचं. लोक हसायचे. पालमचा एक म्हातारा म्हणाला होता, "म्याडम, ताप आलाय मला, आन् तुमी ईचारायलाव गाईचं?" त्या म्हाताऱ्याची नक्कल तू लय झकास करायचीस, कपाळाला आठ्या घालून. पण तुझा सगळा पेपर त्या एका प्रश्नातच होता. येतो जातो, येतो जातो असा ताप, सांधे धरतात, घामानं अंथरूण भिजतं, डॉक्टर मुदतीचा ताप म्हणून औषध देतात आणि तो काही जात नाही. अशा माणसाला त्याच्या गोठ्याबद्दल विचारा, म्हणालीस तू. जनावराचा रोग दुधातून, गर्भामागची वार ओढणाऱ्या उघड्या हातातून माणसात येतो. हा रोग जगाला माहीत होता, पण आपल्या जिल्ह्यात तो घराघरात किती बसलाय हे तू रक्त काढून दाखवलंस.

मी बोरीच्या शाळेत गणिताचा मास्तर. लग्नानंतर तू नोकरी सोडून बोरीला आलीस. सोडायला कुणी सांगितलं नव्हतं, असं मी लोकांना सांगायचो. सांगितलं नव्हतं हे खरं. विचारलंही नव्हतं.

बोरीची एक गोष्ट मात्र मला आठवायची आहे, कारण तिच्यात माझी बदमाशी नाही. शेजारच्या ज्ञानोबाची म्हैस गाभ टाकून पडली होती आणि तो कोपरापर्यंत बाह्या सारून वार ओढायला बसला होता. तू पोळ्या लाटत होतीस. पिठाच्या हातानं पळत गेलीस आणि त्याच्या हातावर खताच्या पिशवीतला प्लास्टिकचा कागद गुंडाळून सुतळीनं बांधलास. वर म्हणालीस, "हात धुवा साबणानं, आन् दूध उकळल्याबिगर प्यायचं नाही, पोरांना तर अजिबातच नाही." ज्ञानोबा माझ्याकडं बघून म्हणाला, "सर, मालकीणबाई आमच्या गोठ्यात?" मला लाज वाटली, ब्राह्मणाची सून शेणात उभी म्हणून. आणि अभिमानही वाटला. लाज मी बोलून दाखवली, अभिमान नाही. तो आज सांगतो. तुझ्या साडीच्या काठाला शेण लागलं होतं आणि तू ज्ञानोबाला गणिताच्या मास्तरापेक्षा चांगलं समजावून सांगत होतीस.

आता ती बदमाशी.

बोरीत टपाल शाळेतच यायचं. रहीमभाई पोस्टमन सगळ्या गावाची पत्रं मास्तरांच्या खोलीत आणून टाकायचे आणि मग सावकाश वाटायला निघायचे. एक दिवस त्यांनी एक कार्ड माझ्यापुढं धरलं. परदेशातलं, वर रंगीत तिकीट. परभणीच्या कॉलेजनं पत्ता खोडून बोरीचा घातलेला. नाव छापील अक्षरात, डॉ. कुमारी डी. एन. पेडगावकर. कुठल्या तरी देशातला डॉक्टर तुझ्या पेपराची एक प्रत मागत होता. पुढं तूच मला सांगितलंस, पेपर छापून आला की जगभरातून अशी कार्डं येतात, आणि लिहिणाऱ्यानं आपल्याजवळची छापील प्रत पाठवायची, अशी रीत असते. किती कार्डं आली त्यावर आपल्या कामाचं जगात काय झालं ते कळतं. आमच्यासारख्याला ते दुसरं कुठून कळणार, म्हणालीस.

मुख्याध्यापकांनी कार्ड उचललं, मोठ्यानं वाचलं आणि म्हणाले, "कुलकर्णी, ही कुमारी कोण ठेवलीय तुम्ही घरात?" सगळी खोली हसली. माझे कान तापले. मी म्हणालो, "त्या नावाचं इथं कोणी राहत नाही." रहीमभाईंनी माझ्याकडं बघितलं. त्यांना सगळं माहीत होतं, गावातल्या कुठल्या सुनेचं माहेर कुठलं हे पोस्टमनला माहीत नसेल तर कुणाला असेल? तरी त्यांनी कानावरची पेन्सिल काढली आणि कार्डावर ते वाक्य जसंच्या तसं लिहिलं. मी वर म्हणालो, "पुन्हा आलं तर असंच वापस करत जा." "जी सर," म्हणाले ते. माणूस सच्चा होता, सांगितलेलं काम करायचा. आपण बोरीत होतो तोवर त्यांनी किती कार्डं वापस केली, मी कधी विचारलं नाही.

तू मात्र विचारायचीस. चहा देताना, सहज. "अहो, माझ्या नावाचं काही टपाल येत नाही का?"

"कशाचं टपाल?"

"कार्डं येतात हो. पेपर आला की लोक मागतात."

"येईल की," म्हणायचो मी. आणि पेपर तपासायचो, पोरांचे.

वर्षभर विचारलंस. मग एक दिवस ट्रंकेतला तुझ्या छापील प्रतींचा गठ्ठा काढलास, त्यावरची धूळ झटकलीस आणि परत ठेवलास. म्हणालीस, "कुणी मागितला नाही म्हणजे कुणाच्या कामाचा नसेल." मी तिथंच होतो, दोन हातांवर. मला काय झालं होतं? एक वाक्य बोलायचं होतं. आधी लाजेनं बोललो नाही, मग उशीर झाला म्हणून बोललो नाही, आणि पुढं पुढं तर न बोलण्याचीच सवय झाली. त्यानंतर तू नवं काही लिहायचं नाव काढलं नाहीस. लोणची घालत होतीस. लोक म्हणायचे, सरांची बायको रुळली.

मग माझी बदली परभणीला झाली आणि तुझ्या जुन्या साहेबांनी तुला परत बोलावलं. मी कागदपत्रं करून दिली, मोठ्या हौसेनं. सेवापुस्तकात नाव सौ. मृणालिनी श्रीपाद कुलकर्णी. पुढचे पेपर त्याच नावानं गेले, कुलकर्णी एम. एस. काम तेच, गावं तीच, किशन तोच. रात्रंदिवस राबलीस. एकदा तर प्रयोगशाळेतूनच तो ताप घेऊन आलीस. दीड महिना गोळ्या खाल्ल्यास, बरी झालीस आणि पुन्हा कामाला लागलीस. मी ओरडलो की म्हणायचीस, "सुताराच्या बोटाला लागतंच की."

आणि मग हैदराबाद. तुला तिथल्या मोठ्या ग्रंथालयात एक सूची बघायची होती. जगात कुठल्या पेपरानं कुणाच्या पेपराचा आधार घेतला, ते त्या जाडजूड पुस्तकांत नावानिशी लिहिलेलं असतं. मला सुट्टी होती, मी बरोबर आलो. अक्षर मुंगीएवढं, तुझा चष्मा जुना, म्हणून मीच बोट ठेवून वाचत होतो. आधी कुलकर्णी एम. एस. काढलं. ओळीच ओळी. मी खूश झालो, म्हणालो, "बघ, केवढं नाव झालं." तू वाकून बघितलंस आणि हसायला लागलीस. "हे दातांचं आहे हो. दात माझे नाहीत. हे उसाच्या रोगाचं, हेही माझं नाही." त्या नावाची माणसं देशात बक्कळ. तुझी म्हणून एकच ओळ निघाली, आणि तो आधारही तूच तुझ्या दुसऱ्या पेपरात घेतलेला.

मग पेडगावकर डी. एन. ते नाव जगात एकट्या तुझंच असावं. त्याखाली माझ्या बोटाच्या दोन पेरांएवढ्या ओळी होत्या, आणि पुढच्या वर्षाच्या पुस्तकात आणखी, त्याच्या पुढच्यात आणखी. कुठले कुठले देश. मेंढ्यांचे देश, गाईंचे देश. तू चष्मा काढून पुसलास. "ती बाई माझ्यापेक्षा हुशार दिसतीय," म्हणालीस. तेव्हापासून तू स्वतःच्या जुन्या नावाला 'ती बाई' म्हणायला लागलीस. लोक त्या बाईच्या मागनं येतात, पण पुढचं काम कुणी केलं ते त्यांना सापडत नाही, असं तू मला समजावून सांगितलंस. आई इथं आणि लेकरं दुसऱ्याच्या घरी.

परतीच्या गाडीत तू खिडकीशी बसली होतीस. मग विचारलंस, "एवढ्या लोकांनी वाचलाय पेपर. मग मागितला का नाही कुणी?"

मी म्हणालो, "पाणी आहे का बाटलीत?"

तू बाटली दिलीस.

त्यानंतर तुझी एकच मागणी होती. पेपरावर जुनं नाव लिहू द्या, फक्त कागदावर. घरात, दारात, सेवापुस्तकात मी मृणालिनीच. मी काय बोललो ते मला शब्दन् शब्द आठवतं. म्हणालो, "लोक म्हणतील, नवऱ्याचं नाव टाकलं बाईनं." तीन दिवस आपण बोललो नाही. चौथ्या दिवशी मधला मार्ग निघाला, तो तूच काढलास. द्वारका पेडगावकर आणि मृणालिनी कुलकर्णी या एकच व्यक्ती आहेत, असं प्रतिज्ञापत्र करायचं. तू स्टॅम्प पेपर आणलास, मजकूर टाईप केलास. तहसीलमध्ये तुझी ओळख पटवायला माझी सही पाहिजे होती. मी म्हणालो, उन्हाळ्याच्या सुट्टीत जाऊ. तो कागद कपाटाच्या खणात, वर्तमानपत्राच्या खाली ठेवला. किती उन्हाळे गेले, सांग. दर वेळी तू एकदा आठवण करायचीस, दुसऱ्यांदा कधीच नाही. दुसऱ्यांदा केली असतीस तर मी गेलो असतो, असं मला वाटतं. हे मी माझ्या सोयीनं म्हणतोय, मला कळतंय.

वरच्या जागेच्या मुलाखतीला तुझ्या पेपरांची यादी घेऊन गेलीस. समितीनं पहिली पानं बाजूला काढली. हे पेडगावकर कोण? मीच, म्हणालीस. पुरावा? तू ऑटोनं घरी आलीस, पाय धुतलेस, चहा ठेवलास.

"झालं का?"

"झालं."

"काय विचारलं?"

"त्या बाईबद्दल विचारलं," म्हणालीस, आणि साखरेचा डबा माझ्याकडं सरकवलास.

मी खणाकडं बघितलं नाही. तूही बघितलं नाहीस. त्या संध्याकाळी तू माझ्या आवडीची भाकरी आणि ठेचा केलास. राग केला असतास, एखादं भांडं आपटलं असतंस, तर मी तरी ओरडलो असतो आणि सुटलो असतो.

गेल्या दोन वर्षांत तू थकत चालली होतीस. जिना चढताना मध्ये थांबायचीस. ताप यायचा, जायचा. इथल्या डॉक्टरांनी मुदतीचा म्हणून औषध दिलं. मी म्हणालो, अगं, तुझाच तो ताप नसेल ना? तू प्रयोगशाळेत स्वतःचं रक्त तपासलंस आणि म्हणालीस, "दिसतंय, पण ते जुनं आहे. एकदा झालेल्याच्या रक्तात ते राहतंच. माझ्या रक्तावर विश्वास ठेवू नका." तुझं ते शास्त्र. मी गणिताचा मास्तर, मान डोलावली.

शेवटी औरंगाबादला नेलं तेव्हा दुखणं हृदयाच्या झडपेपर्यंत गेलं होतं. तो तरुण डॉक्टर आठवतो ना तुला, उंच, दाढी वाढलेला? त्यानं आल्या आल्या विचारलं, "घरी जनावरं आहेत का? कुठं काम करता?" आणि आपण दोघांनी एकमेकांकडं बघितलं. तुझा प्रश्न तुलाच विचारत होता. तीन दिवसांनी तो कागद घेऊन आला आणि मला म्हणाला, "काका, रक्तातले जंतू वाढवून बघितले, निदान झालं. खरं तर जुनं म्हणून सोडूनच देणार होतो. पण परभणीचेच कुणी पेडगावकर म्हणून आहेत, त्यांनी लिहून ठेवलंय की एकदा बरा झालेला माणूस पुन्हा आजारी पडला तर जुनं रक्त म्हणून सोडू नका. त्यांच्या पेपरामुळं सापडलं. ओळखता का तुम्ही त्यांना?"

तू डोळे उघडलेस. डॉक्टरकडं नाही बघितलंस, माझ्याकडं बघितलंस.

खाटेला अडकवलेल्या कागदावर मृणालिनी कुलकर्णी लिहिलं होतं. मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं, तू बघितलंस. पण ह्याच त्या, असं म्हटलं तर तो पुढं विचारणार, मग नाव वेगळं कसं, आणि मग मी कुठून सुरुवात करणार? तांदळापासून? पलीकडच्या खाटेवरून कुणीतरी हाक मारली आणि तो गेला. तू डोळे मिटलेस. थोड्या वेळानं म्हणालीस, "ती बाई हुशारच होती हो. मीच विसरले तिचं."

ऑपरेशनला मुंबईला न्यायचं म्हणाले, पण तेवढी ताकद उरली नव्हती. चौथ्या दिवशी तू गेलीस. तुला परभणीला आणायच्या आधी मी त्या डॉक्टरला शोधत तीन मजले फिरलो. तो रजेवर गेला होता. त्याला अजून माहीत नाही.

आता किशनचं सांगतो. तो आला तो दिवस गावात बंदोबस्ताचा होता. विद्यापीठाच्या नावाचा इतक्या वर्षांचा वाद मिटला होता, त्यांच्या वस्तीत लोक एकमेकांना पेढे भरवत होते. तो आला, कोपऱ्यात बसला, हात सारखा खिशाकडं जात होता. मी म्हणालो, काय आहे खिशात? म्हणाला, "पेढा हाय सर. दुखवट्याच्या घरात कसा देऊ?" मी मागून घेतला आणि खाल्ला. तू असतीस तर पहिला तुलाच दिला असता त्यानं.

मग तो म्हणाला, "सर, राग मानू नका. नावापायी आमी लय सोसलं. त्या साली नावाच्या दंगलीत आमच्या वस्तीची राख झाली, तुमाला ठावच हाय. तरी आमी नाव सोडलं न्हाई. आन् म्याडमनी आपलं सोताचं नाव गुमान सोडून दिलं. कुणी ईचारलं बी न्हाई त्यास्नी."

त्यानं पिशवीतून एक पुडकं काढलं. तुझ्या टेबलाच्या खणातलं, म्हणाला. सुतळीनं बांधलेली कार्डं. रंगीत तिकिटं. प्रत्येकावर डॉ. कुमारी डी. एन. पेडगावकर, आणि प्रत्येकावर आडवं, रहीमभाईंच्या पेन्सिलीनं, त्या नावाचं इथं कोणी राहत नाही.

वापस केलेली कार्डं परत कॉलेजात येत होती. किशन ती सांभाळून ठेवत होता. बोरीहून परत कामावर आलीस त्या पहिल्याच दिवशी त्यानं ती तुझ्या हातात दिली. मी विचारलं, काय म्हणाल्या म्याडम? "काय न्हाई म्हनल्या. वाचत बसल्या. मंग म्हनल्या, किशन, पाकिटं आन." प्रत्येक कार्डाच्या कोपऱ्यात तुझ्या बारीक अक्षरात प्रत पाठवल्याची तारीख आहे. उशीर झाल्याबद्दल क्षमस्व, असंही तू लिहून पाठवलं असशील. तुझ्या स्वभावात होतं ते. माझ्या वाटणीची क्षमा तू परदेशात मागत होतीस, आणि घरी येऊन मला चहा देत होतीस.

म्हणजे हैदराबादच्या गाडीत तू विचारलंस, मागितला का नाही कुणी, तेव्हा ती कार्डं तुझ्या खणात होती. तू उत्तर मागत नव्हतीस. मला दार उघडून देत होतीस, आणि मी पाणी मागितलं. दवाखान्यात पुन्हा उघडलंस. आता कुणाला सांगू? किशनपुढं मी रडलो. तो बिचारा माझ्या पाठीवरून हात फिरवत होता आणि म्हणत होता, "चुकलं माझं सर, नव्हतं आनायला पाहिजे." त्याला सांगता येईना की त्याचं काही चुकलं नाही. सगळ्या लफड्यात न चुकलेला तो एकटाच.

मी काय काय करून बघितलं ते ऐक, तुला हसू येईल. तो स्टॅम्प पेपर घेऊन तहसीलला गेलो. तिथल्या बाबूनं वाचला आणि मऊ आवाजात म्हणाला, "सर, हे त्यांनी स्वतः यायला पाहिजे." मासिकांच्या संपादकांना पत्रं लिहिलीत. ते छापलेलं नाव कशाला बदलतील? आणि हैदराबादच्या त्या पुस्तकांत शाई वाळून किती वर्षं झाली. गणितात उत्तर चुकलं तर खोडून पुन्हा सोडवता येतं, मी पोरांना जन्मभर हेच शिकवलं. फोटोखालचं नाव तेवढं माझ्या हातात आहे, ते पेंटरकडून बदलून घेणार आहे. भाऊ नाराज होईल. होऊ दे.

आणि काल एक कार्ड आलं. कॉलेजातून पत्ता खोडून आपल्या घरचा घातलेला. इथला पोस्टमन नवा आहे, तरणा माणूस. दारात उभा राहून म्हणाला, "सर, डी. एन. पेडगावकर म्हणून कोण राहतंय का हितं? नसंल तर वापस करतो."

त्याच्या कानावरही पेन्सिल होती. मी त्याचा हातच धरला. म्हणालो, "आण इकडं. इथंच राहतात."

आत येऊन ट्रंक उघडली. त्या पेपराची छापील प्रत एकच उरली होती. स्टेशन रोडला जाऊन तिची झेरॉक्स काढली, ती घरात ठेवली. मागणाऱ्याला छापीलच द्यायची, त्याच्याकडं कुणीतरी तापानं फणफणत असतंय, असं तू म्हणायचीस. जुनं रक्त म्हणून सोडू नका, ते वाक्य शोधून त्याखाली पेन्सिलीनं रेघ मारली. मला समजणारं तेवढं एकच वाक्य आहे त्यात. माझ्या हातानं पाकिटात घातली आणि पोस्टात गेलो.

पाठवणाऱ्याचं नाव लिहा, म्हणाला खिडकीतला माणूस. मी लिहिलं, डॉ. द्वारका नागनाथ पेडगावकर. चौदा वर्षांत हे नाव माझ्या हातानं पहिल्यांदा लिहिलं, द्वारका. लिहायला लांब नाही अजिबात. त्याच्याखाली बारीक अक्षरात लिहिलं, मार्फत श्रीपाद कुलकर्णी, आणि घरचा पत्ता.

आता कार्डं इथंच येतील. शाळा साडेपाचला सुटते. त्यानंतर मी घरीच असतो.